जयाबाईचा अंगठा

मंगलचं बारावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तिचा नवरा गुंडू तिचा अडकलेला पगार मागायला नागेंद्रच्या बिडी कारखान्यात गेला, आणि तिथं त्याला सांगण्यात आलं की मंगल नावाची बाई या कारखान्यात कधी कामालाच नव्हती.

सांगणारा भावकू होता. भावकू म्हणजे कारखान्याचा चेकर. बायका घरी वळून ज्या बिड्या आणतात त्या हातात घेऊन बघायच्या, चांगल्या एकीकडं आणि छाट एकीकडं करायच्या, हे त्याचं काम. छाट म्हणजे नापास बिडी. तिचा पगार मिळत नाही, आणि ती बिडी बाईला परतही मिळत नाही. भावकूनं रजिस्टर उलटं फिरवून गुंडूच्या पुढं सरकवलं.

"दाखीव तिचं नाव," तो म्हणाला. "तूच दाखीव."

गुंडू गवंडी होता, चौथीपर्यंत शिकलेला. पानावर बोट ठेवून तो एकेक नाव लावत गेला. त्याच्या घरचं एकच नाव सापडलं, ते जयाबाईचं. जयाबाई म्हणजे गुंडूची आई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि रजिस्टरात दर शनिवारी तिच्या नावापुढं निळ्या शाईचा अंगठा होता. शेवटच्या चौदा शनिवारांपुढची जागा तेवढी कोरी होती.

नागेंद्र मागं टेबलाशी बसला होता. तो उठला नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाला, "कार्डवाली बाई येऊ दे गुंडू. मोजून तिच्या हातावर ठेवतो. दुसऱ्या बाईचा पगार तुला कसा देऊ मी? उद्या कायदा मलाच धरंल."

रांगेतल्या बायका आपापल्या पाट्यांकडं बघत राहिल्या. गुंडूनं रजिस्टर मिटलं. हे वाक्य त्यानं आधी एकदा ऐकलं होतं, मंगलच्या तोंडून, घरात. तेव्हा तो हसला होता.

झालं होतं ते असं. निपाणीच्या त्या गल्लीत बिडीचं कार्ड म्हणजे बाईची नोकरी. कार्ड असेल तर पान-तंबाखू मिळणार, वळलेला माल घेतला जाणार, शनिवारी पगार होणार. नागेंद्रच्या वडलांनी नवीन कार्डं देणं कधीच बंद केलं होतं, त्यामुळं जुनी कार्डंच घरात फिरत राहायची. सासू थकली की सून वळायला बसायची, एक बहीण लग्न होऊन गेली की दुसरी. नाव मात्र पहिलीचंच. मालकाला ठाऊक, चेकरला ठाऊक, गल्लीला ठाऊक.

जयाबाई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी भावकू भेटायला आला होता. चहा घेतला, दोन शब्द बोलला, आणि निघताना दारातून म्हणाला की म्हातारी गेली म्हणून नगरपालिकेत सांगत बसू नका, कार्ड जाईल. मंगलला म्हणावं, तशीच येत जा. गुंडूला ते उपकारासारखं वाटलं. त्यानं नोंद केली नाही.

मंगल सातवी पास होती. तिचं अक्षर इतकं चांगलं की गल्लीतल्या लग्नांच्या याद्या तीच करायची. पण जयाबाईला सही येत नव्हती, म्हणून रजिस्टरात अंगठाच चालत होता, म्हणून मंगलनंही अंगठाच दिला. पहिल्या शनिवारी ती घरी आली आणि न्हाणीत बसून साबणानं अंगठा घासत राहिली.

"मला सही येती की ओ," ती म्हणाली.

"आता एवढा आठवडा अंगठाच दे, मग सांगू त्यांना," गुंडू म्हणाला.

मग कुणी सांगितलं नाही. आठवड्याला एक, असे अकरा वर्षं अंगठे झाले.

दोन वर्षांपूर्वी गुंडू परांचीवरून पडला आणि गुडघा गेला. बांधकामावर उभं राहणं बंद झालं. त्यांना पोरबाळ नव्हतं. घर चालायचं ते मंगलच्या मांडीवरच्या सुपावर. त्याच सुमाराला तिला दमा लागला. तंबाखूची पूड तीस वर्षं नाकातोंडात गेली, तर दुसरं काय होणार. डॉक्टरनं तोंडात ओढायचा पंप लिहून दिला आणि काम सोडा म्हणून सांगितलं. पंप घेतला, काम सोडलं नाही.

मग नागेंद्रनं पगार अडकवायला सुरुवात केली. एका शनिवारी छाट लई निघाली, दुसऱ्या शनिवारी व्यापाऱ्याकडून पैसे आले नाहीत, तिसऱ्या शनिवारी म्हणे पुढच्या शनिवारी एकदम घ्या. मंगल बिड्या देत राहिली. काम सोडलं तर अडकलेला पगार बुडणार, आणि काम केलं तर आणखी अडकणार, अशी गत होती. ती तालुक्याच्या बँकेनं फुकट दिलेल्या कॅलेंडरवर, शनिवारच्या चौकोनात, बारीक अक्षरात लिहून ठेवायची. दिल्या किती, छाट किती, पगार नाही.

शेवटच्या वेळी ती गेली तेव्हा तिला धड चालवत नव्हतं. परत आली, उंबऱ्यावर बसली, दम लागलेला कमी होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "नागेंद्र अण्णा म्हणत्यात, कार्ड जयाबाईचं हाय तर जयाबाईला पाठव. सासूला हाक मारू का आता?"

ती हसली. गुंडूही हसला. हसता हसता तिला खोकला आला आणि तो थांबेना.

नऊ दिवसांनी सरकारी दवाखान्यात तिनं जीव सोडला. घरी आल्यावर गुंडूला तिच्या उशीखाली पंप सापडला. दाबून बघितला. रिकामा होता. औषधाच्या दुकानदारानं सांगितलं की महिना झाला, बाईंनी नवीन नेलेलाच नाही. म्हणजे महिनाभर ती त्याच्यासमोर रिकामा पंप तोंडाला लावत होती.

त्या शनिवारी कारखान्यातून परत आल्यावर गुंडूनं कोपऱ्यातली अवजारांची पिशवी उघडली आणि थापी काढली. लोखंडाची, कड झिजून धारेवर आलेली. ती दुसऱ्या पिशवीत घालून तो नागेंद्रच्या घराच्या वळणावर जाऊन बसला. त्या घराची भिंत त्यानंच बांधली होती. दुपारी दोन ते पाच बसला. पाच वाजता नागेंद्रची गाडी आली. काच खाली झाली.

"गुडघा कसा हाय रं?" नागेंद्रनं विचारलं.

"हाय तसाच," गुंडू म्हणाला.

गाडी आत गेली. गुंडू घरी आला. हात का उठला नाही, हे त्याला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात बसली होती. नागेंद्रला मारला असता तर तो न बोलताच सुटला असता. गुंडूला तो बोलायला हवा होता. मंगल माझ्याकडं कामाला होती, एवढं त्याच्या तोंडून, चार माणसांत, लिहून घेऊन. पगार त्याच्यानंतर. आणि ते बोलताना त्याला त्रास व्हायला हवा होता, मंगलला उंबऱ्यावर बसून श्वास घेताना झाला तेवढा तरी.

बसस्टँडसमोर सन्मती नावाच्या वकीलबाईंचं ऑफिस होतं. त्या खोलीचा गिलावा गुंडूनं केला होता म्हणून त्याला ते माहीत. सन्मतीचे वडील तंबाखूचे व्यापारी, पण ती मजुरांच्या केसेस घ्यायची, त्यावरून घरात भांडणं होती असं लोक म्हणत. गुंडूनं कॅलेंडर टेबलावर ठेवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, तुरुंग होतो काय.

सन्मतीनं खरं ते सांगितलं. पगार अडकवला, कापला तर मालकाला दंड होतो. तुरुंगाचं त्यानं मनात धरू नये. दंडाचा आकडा ऐकून गुंडू म्हणाला की एवढ्यात तर त्याच्या गाडीचं एक चाक येत नाही.

"थांबा," सन्मती म्हणाली. "दंड नंतरचा. आधी लेबर ऑफिसरसमोर दावा घालायचा. बुडवलेला पगार तर द्यावाच लागतो, आणि साहेबाला पटलं तर वर त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई. तो दावा मंजूर झाला की मगच दंडासाठी कोर्टात जाता येतं."

"त्येला माझ्यासमोर यावं लागंल?"

"यावं लागेल."

"बोलावं लागंल?"

"लेखी म्हणणं द्यावं लागेल. आणि विचारलं तर बोलावंही लागेल."

"मग घाला दावा," गुंडू म्हणाला.

पण दावा कुणाचा, तिथं गाडी अडली. कागदावर मंगल कुठंच नव्हती. कॅलेंडर होतं, पण कॅलेंडर कुणीही लिहू शकतं. रजिस्टरातला अंगठा होता, पण तो जयाबाईच्या नावापुढं. सन्मतीनं विचारलं की मंगलचा अंगठा आणखी कुठं आहे का. गुंडूनं आठवून सांगितलं. घराची जागा घेतली तेव्हा खरेदीपत्रावर दोघांची नावं घातली होती. मंगलनं सही केली होती, आणि रजिस्टर ऑफिसच्या रीतीप्रमाणं सहीशेजारी डावा अंगठाही दिला होता.

सन्मतीनं ते टिपून घेतलं. मग म्हणाली, "आई गेल्याचा दाखला आणा."

"न्हाय."

"म्हणजे?"

"नोंदच केलेली न्हाय मॅडम. कागदावर आई जिती हाय."

सन्मतीनं पेन खाली ठेवलं. मग तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं, दोनदा. नागेंद्रला आधी काही कळू द्यायचं नाही. त्याला त्याचं म्हणणं लिहून द्यायला लावायचं. तो जयाबाईवरच बोट ठेवणार, कारण मंगलचं नाव घेतलं तर अकरा वर्षांचा फंड, अकरा वर्षांचं सगळंच त्याच्या अंगावर येतं. तो जयाबाई म्हणाला की अडकला. पण जयाबाई अकरा वर्षांपूर्वी गेली, हे आपल्याला सिद्ध करावं लागेल. आणि ते करायचं तर गुंडूला शपथेवर लिहून द्यावं लागेल की कार्ड जाऊ नये म्हणून मी आईचं मरण लपवलं.

"तुमच्यावरही उलटू शकतं," ती म्हणाली. "तो म्हणेल, फसवणूक यांनीच केली."

"उलटू दे."

"नीट विचार करा काका."

"मी लपीवलं ते खरंच हाय की. मी कबूल करतो. मी केलं म्हटलं की त्येलाबी म्हणावं लागंल."

उशिराच्या नोंदीसाठी चिकोडीला जावं लागलं, प्रांत ऑफिसात. एक खेप नाही, सहा खेपा. लंगडत बसमध्ये चढायचं, बाकावर बसून राहायचं, साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून परत यायचं. पुरावा काय, असं तिथल्या क्लार्कनं विचारलं तेव्हा गुंडूनं ट्रंकेतून शोधून आणलेली लाकडाच्या वखारीची पावती दिली. आईच्या सरणासाठी घेतलेलं लाकूड, वजन, तारीख. मागच्या बाजूला मंगलच्या हातचं होतं, 'आत्या गेल्या, मंगळवार, पहाटे'. मंगल पावती फेकायची नाही, हे गुंडूला नेहमी जरा जास्तच वाटायचं. आता त्या पावतीवरच सगळं चाललं होतं.

क्लार्कनं शपथपत्र वाचलं, चष्म्यावरून गुंडूकडं बघितलं आणि म्हणाला की अकरा वर्षं उशिरा आईला मारायला आलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. गुंडू म्हणाला, घरातली दुसरी मेल्यावर शहाणपण आलं साहेब.

चिकोडीच्या खेपा गल्लीत लपल्या नाहीत, पण आपापल्या कार्डाच्या भीतीनं कारखान्यात त्याची कुणी वाच्यता केली नाही. एका सकाळी मालुबाई आली. शेजारची, मंगलच्या वयाची. दोघी समोरासमोर सुपं घेऊन बसायच्या. आजारपणात मंगलच्या निम्म्या बिड्या तिनंच वळून दिल्या होत्या. ती तिच्या बहिणीच्या कार्डावर काम करायची. बहीण लग्न करून सांबऱ्याला गेली त्याला सत्तावीस वर्षं झाली होती.

तिनं चहा घेतला नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "तू म्हातारीचा दाखला काढायला लागलाईस म्हणं."

"व्हय."

"मग उद्या साहेब यील, सगळी कार्डं बघंल. माझ्या कार्डावर आक्काचं नाव हाय. ह्या गल्लीत अशा बारा बायका हाईत."

"तुमचं कोण काय करत न्हाय."

"नागेंद्र काढून टाकील की. त्यो काय तुझ्यागत दुःखात हाय व्हय? त्येला निमित्त पायजे."

गुंडू म्हणाला की मंगलचा पगार बुडवला, उद्या तुझाही बुडवेल. मालुबाई म्हणाली की बुडवेल तेव्हा बघू, आत्ता तर मिळतोय. मग ती दाराशी गेली आणि वळून बोलली.

"तुझी बायको गेली, आता तुला कशाचं भ्या न्हाय. आमाला अजून जगायचं हाय गुंडू."

तो तिला थांबवू शकला असता. सन्मतीला सांगून नुसत्या पगारावर मिटवता आलं असतं. नागेंद्रनं तसा निरोपही पाठवला होता, भावकूच्या हातून. चौदा आठवड्यांचे सगळे, वर तेवढेच आणखी, रोख, फक्त दावा मागं घे. गुंडूनं भावकूला एवढंच विचारलं होतं की पावतीवर कुणाचं नाव घालणार. भावकू म्हणाला, नाव कशाला पाहिजे, रोख आहेत. गुंडूनं त्याला बाहेर काढलं.

आता मालुबाई गेल्यावर तो बराच वेळ मंगलच्या रिकाम्या सुपाकडं बघत बसला. बारा बायका. त्यानं त्या बोटावर मोजल्या. प्रत्येकीचं घर त्याला माहीत होतं, चार घरांच्या चुली त्यानं स्वतः बांधल्या होत्या. मोजून झाल्यावर त्यानं बसचे पैसे खिशात घातले आणि दाखला आणायला चिकोडीला गेला.

सुनावणी बेळगावला होती. दुसऱ्या मजल्यावर लांबडी खोली, दोन कपाटं, खिडकीशी साहेबांचं टेबल. साहेब धारवाडकडचे, कानडीत बोलत. गुंडूला कानडी समजायचं, बांधकामावर निम्मे गवंडी कानडीच असायचे. नागेंद्र इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आला, बरोबर वकील आणि मागं भावकू, काखेत रजिस्टरं घेऊन. जिन्यात त्यानं गुंडूच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या लांब कशाला आलास, गल्लीतलं गल्लीत मिटवलं असतं, असं म्हणाला. वर म्हणाला, "मंगल चांगली बाई होती."

"आत बोला हे," गुंडू म्हणाला. नागेंद्रनं हात काढला.

आत त्यानं लेखी म्हणणं दिलं. कारकुनानं ते मोठ्यानं वाचलं. सदर मंगल ही आमच्याकडे कधीही कामास नव्हती. जयाबाई ही आमची कामगार असून ती गेल्या जूनपर्यंत नियमित कामावर होती. दर शनिवारी ती स्वतः हजर राहून आमच्यासमक्ष अंगठा देऊन पगार घेत असे. तिचा चौदा आठवड्यांचा पगार देण्यास आम्ही तयार आहोत, तिने स्वतः हजर राहून न्यावा.

कार्डवाल्या बाईला पाठव. तेच वाक्य, फक्त कागदावर आलं होतं. गुंडूनं सन्मतीकडं बघितलं. ती खाली बघून काहीतरी लिहीत होती. तिनं एवढंच मागितलं की यावर मालकांची सही आहे ना, ते नोंदवून घ्यावं. नागेंद्र म्हणाला, आहे, माझीच आहे.

मग तिनं दाखला पुढं ठेवला.

साहेबांनी तो वाचला. तारीख परत वाचली. मग रजिस्टर ओढून घेतलं, पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं आणि रजिस्टर नागेंद्रच्या बाजूला फिरवलं. भावकूनं गुंडूकडं फिरवलं होतं, अगदी तसंच.

"ई हेब्बेट्टू यारदु?" त्यांनी विचारलं. हा अंगठा कुणाचा?

नागेंद्रचा वकील उठला. म्हणाला की हे दावेदारानं आमची फसवणूक केल्याचं उघड आहे, आईचं मरण यानंच लपवलं. साहेबांनी गुंडूकडं बघितलं.

"व्हय साहेब, लपीवलं," गुंडू म्हणाला. "कार्ड जाऊ न्हाय म्हणून. मी लिहून दिलंय. मला काय शिक्षा असंल ती द्या. पण ह्यांनी लिहिलंय, त्यांच्यासमोर म्हातारी दर शनिवारी येत हुती. अकरा वर्षं मेलेली बाई ह्यांनी बघितली. मला तर एकदाबी दिसली न्हाय."

कारकून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की घराच्या खरेदीपत्रावरचा अंगठा आणि हा अंगठा तपासायला पाठवता येईल, आणि तो जुळला तर खोटं म्हणणं दिल्याचंही निघेल, रजिस्टर खोटं ठेवल्याचंही निघेल. तेव्हा मालकांनी आत्ताच आठवून सांगावं.

नागेंद्रनं मागं वळून भावकूकडं बघितलं. भावकू उभा राहिला नाही. बसल्या जागेवरून, जमिनीकडं बघत म्हणाला, "अंगठा मी घेतला. पण मालकांसमोरच घेतला."

साहेबांनी परत नागेंद्रकडं बघितलं. पंखा चालू होता. नागेंद्रनं रुमाल काढला, तोंड पुसलं, टेबलावरच्या ग्लासातलं पाणी प्याला. त्याचा श्वास वरवर चालला होता. गुंडू ते बघत होता. तो नजर हलवत नव्हता.

"मंगल," नागेंद्र म्हणाला.

"कोण मंगल?"

"ह्या गुंडूची बायको."

"कुठं कामाला होती?"

"आमच्याकडं."

"किती वर्षं?"

"अकरा. त्याच्या आधीबी सासूबरोबर वळत होती."

कारकुनानं टाइप केलं. गुंडू सन्मतीच्या कानाशी लागला. तिनं साहेबांना विचारलं की दावेदाराची विनंती आहे, ती ओळ परत वाचून दाखवावी. कारकुनानं वाचली. गुंडूची पत्नी मंगल ही आमच्याकडे अकरा वर्षे कामास होती. गुंडू म्हणाला, आणखी एकदा. साहेबांनी कारकुनाला मान हलवली आणि त्यानं आणखी एकदा वाचली. नागेंद्र दोन्ही वेळा तिथंच बसून होता. सही करायच्या आधी ती ओळ त्याला स्वतःलाही वाचावी लागली, आणि गुंडूला ते बघून बरं वाटलं. ते बरं वाटणं त्यानं कुणापासून लपवलं नाही.

दोन महिन्यांनी आदेश आला. चौदा आठवड्यांचा सगळा पगार, बेकायदा काढलेल्या छाटीसकट, आणि त्यावर भरपाई. दहापट नाही, सहापट. दंडासाठी कोर्टात जायला परवानगी. आदेशात मंगलचं नाव सात ठिकाणी होतं. गुंडूनं पेन्सिलीनं प्रत्येकाखाली रेघ ओढली. आदेशाची एक झेरॉक्स त्यानं कारखान्याच्या फाटकासमोरच्या विजेच्या खांबावर खळीनं चिकटवली. कुणीतरी ती फाडली. त्यानं दुसरी चिकटवली. आतापर्यंत नऊ झाल्या आहेत.

मालुबाई म्हणाली होती तेही झालं. आदेशानंतरच्या पहिल्याच शनिवारी भावकूनं फाटकात उभं राहून सांगितलं की यापुढं कार्डवाली बाई स्वतः आधार कार्ड घेऊन आली तरच पान-तंबाखू मिळेल. बारा बायका रिकाम्या पाट्या घेऊन परत फिरल्या. त्यातल्या दोघी आता शेंगा फोडायला जातात, एक कणकुंबीकडं काजूच्या कामाला गेली. मालुबाई घरीच आहे. गुंडू गल्लीतून जाताना ती दार लोटून घेते.

गुंडू सन्मतीकडं गेला आणि म्हणाला, बारा अर्ज लिहा. त्याच रजिस्टरात त्यांचेही अंगठे आहेत. सन्मतीनं अर्ज तयार करून दिले. ते घेऊन तो दारोदार फिरला. आठ जणींनी दिले, काहींनी सही, काहींनी अंगठा. एकीनं अर्ज फाडला. दोघींच्या नवऱ्यांनी त्याला शिव्या दिल्या. मालुबाईच्या दारात तो तीन वेळा गेला. तिसऱ्या वेळी त्यानं अर्ज दाराखालून आत सरकवला आणि बाहेरूनच सांगितलं की तुझे सत्तावीस वर्षांचे अंगठे तिथं आहेत, ते त्याला पचू देऊ नको. अर्ज परत बाहेर आला नाही.

भरपाईची रक्कम नागेंद्रनं कोर्टात भरली आहे, कारण ती भरल्याशिवाय त्याला अपील करता येत नव्हतं. अपील चालू आहे, तोवर पैसे कुणालाच मिळत नाहीत. दंडाच्या केसला निपाणी कोर्टात चार तारखा पडल्या. चारही वेळा गुंडू सकाळी दहाला जाऊन बाकावर बसला. चारही वेळा नागेंद्रच्या वकिलानं तो आजारी असल्याचा अर्ज दिला. पाचवी तारीख पुढच्या महिन्यात आहे.

नागेंद्रला दंड अजून झालेला नाही, आणि मालुबाईचा अर्ज अजून आलेला नाही.